मोसंबीच्या बिया मांडणारे मास्तर

“मास्तर तापाचा विचारून गेलाय. म्हंजे आता ही बाग पन गेली समज.”

कातरीन मावशी स्वयंपाकघरात सुके बोंबील साफ करता करता आईला हळू आवाजात सांगत होती. मी आतल्या खोलीत शिवण घेऊन बसले होते आणि मधे फक्त कुडाची भिंत होती. आईचं पाखडणं चालूच राहिलं. बोंबलांची डोकी मोडल्याचा आवाज मात्र थोडा वेळ थांबला. मग मावशीच म्हणाली की आपण काही कोणाचं वाईट चिंतत नाही, पण टिटवाळ्याला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

टिटवाळ्याला काय झालं ते मलाही ठाऊक होतं. फरक इतकाच की मला ते आधीपासून ठाऊक होतं.

मास्तर आमच्या बागेतल्या खोलीत राहत. कळव्याला खाडीजवळ आमची मोसंबी-पपनसांची बाग, आणि तिच्या टोकाला पूर्वी अवजारं ठेवायची एक खोली होती. ती बाबांनी त्यांना राहायला दिली आणि त्या बदल्यात माझं मराठी त्यांच्यावर सोपवलं. मुंबईला मदरांच्या कॉन्व्हेंट शाळेत माझी इतकी वर्षं गेली होती की इंग्रजीत मला पानंच्या पानं लिहिता येत, पण मराठीत नाव लिहितानाही हात अडखळे. उद्या लग्न होऊन गेल्यावर ही घरी चार ओळी तरी कशा धाडणार, अशी बाबांची काळजी होती. मावशीची तक्रार वेगळी होती. ती म्हणे, “विंग्रजी शाळेन् शिकली, पन बोलायचा तेवरा शाळेनच ठेवून आली.” ते खोटं नव्हतं. घरात चार माणसं जमली की मी काहीतरी काम शोधून आत जात असे.

आम्ही ख्रिस्ती, मास्तर पुण्याकडचे ब्राह्मण. सरकारी मोजणी खात्यात नकाशे काढत त्यांचा जन्म गेला आणि पेन्शन घेतल्यावर ते आपल्या गावी परतले नाहीत. का परतले नाहीत हे कोणी विचारलं नाही. उंच, हाडकुळे, वैशाखातसुद्धा गळ्याला लोकरी पट्टी. डाव्या भुवईवर एक जुना व्रण होता, तो त्यांनी वर पाहिलं की पांढरा पडे. अंगाला आंबूस फळाचा वास येई. आमच्या घरचं पाणी ते पीत नसत, भात स्वतः शिजवत. पण झाडाखाली पडलेली मोसंबी उचलून तिथेच सोलून खात. बाबांनी एकदा हसत विचारलं की मास्तर, आमचं पाणी चालत नाही आणि आमचं फळ कसं चालतं? मास्तरांनी फळ बाबांसमोर धरलं. सालीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं आणि त्याभोवती फिकट तपकिरी वर्तुळ. बोटाने दाबलं तर भोकातून रसाची बारीक चिळकांडी उडाली.

“हे आधीच दुसऱ्याचं उष्टं आहे,” मास्तर म्हणाले. “त्यात तुमचा काही दोष नाही.”

बाबा हसले. त्या वर्षी अशी फळं तुरळकच होती.

त्यांची दुसरी सवय लोकांना जास्त खुपत असे. मास्तर कोणालाही “बरं आहे ना?” असं विचारत नसत. पावसाळा सरला की आमच्याकडे घरोघर थंडीताप येतो, मिठागरांकडच्या वस्तीत तर प्रत्येक घरात एक अंथरूण पडलेलं असतं. अशा घराच्या पायरीशी मास्तर उभे राहत आणि विचारत, “बघायला कोण कोण आलं होतं?” आजाऱ्याकडे त्यांचं लक्ष नसे. पाहुणे कुठून आले, कोणाकडून कोणाकडे गेले, घरातली मुलगी कुठल्या गावी दिली, ती माहेरी कधी आली आणि परत कधी गेली, एवढंच ते ऐकून घेत. मग मान हलवून निघून जात.

घरी आले की ते आमच्या ओसरीच्या कडेला उकिडवे बसत आणि खिशातून बिया काढत. सारवलेल्या जमिनीवर मोसंबीच्या बारीक बिया मांडत, मधे मधे पपनसाची एखादी मोठी बी. मला वाटे, म्हातारपणीचा खेळ असेल. पुढे लक्षात आलं की त्या बियांत खाडीचं वळण आहे, रेल्वेचा पूल आहे, कल्याणचा रस्ता आहे. बारीक बी म्हणजे धड बाग. मोठी बी म्हणजे कीड लागलेली. एकदा आईने झाडताना त्या सगळ्या उधळल्या. मास्तर बसले आणि पुन्हा जशाच्या तशा मांडल्या, एकदाही न थांबता. त्यानंतर आई त्या जागेला वळसा घालून झाडत असे, जणू तिथे कोणी निजलं आहे.

टिटवाळ्याचं असं झालं. मी पायरीवर पाटी घेऊन धडा गिरवत होते. मास्तरांनी एका बारीक बीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “आता टिटवाळा.” बाबा खाटेवर बसून टोपली बांधत होते. त्यांनी विचारलं, कशावरून? मास्तर म्हणाले, तिथल्या बागवाल्यांची सून इकडे माहेरी तापाच्या आजीला बघायला आली होती, ती परवा परत गेली. बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. दसऱ्यानंतर तिकडून गाडीवान आला तो सांगू लागला की वाऱ्याची झुळूक नसताना बागेत फळं पडतात. संध्याकाळी झाड भरलेलं, सकाळी खाली जमीन पिवळी. मालकाने झावळ्यांच्या चुडी पेटवून माणसं उभी केली, तर चोर नाही, माकड नाही. फक्त फांद्यांमधे निखारे दिसले. जोडीजोडीने. आणि ते लुकलुकत नव्हते.

गाडीवान बोलत असताना मास्तर ओसरीवर आले. त्यांनी टिटवाळ्याची बारीक बी उचलली आणि तिथे पपनसाची बी ठेवली. ‘मी सांगितलं होतं’ असं त्यांच्या तोंडावर कुठेही नव्हतं. त्यांना नवल वाटलं नव्हतं, आणि मला भीती वाटली ती त्याचीच.

त्या दिवसापासून लोक त्यांना टाळू लागले. ते गल्लीत आले की बायका आजाऱ्याच्या खोलीचं दार ओढून घेत. कोणाच्या घरी ताप आहे हे त्यांना कळू नये म्हणून माणसं खोकला दाबत. पोरं त्यांना ‘लिंबाचा भूत’ म्हणत. मावशी म्हणे, भूत तर भूत, पण सरकारची पेन्शन खाणारं भूत तिने पहिल्यांदाच पाहिलं. विनोद केला तरी ती त्यांच्या सावलीत पाय ठेवत नसे. एकाच्या दारात ते उभे राहिले आणि त्याची बाग गेली. दुसऱ्याच्या दारात उभे राहिले, त्याचीही गेली. ते येतात म्हणून त्या निखाऱ्यांच्या डोळ्यांची पाखरं, रात्रीचे पतंग, येतात, याहून सरळ हिशेब कोणता?

मीही तोच हिशेब करत होते. मग एका संध्याकाळी चर्चची घंटा झाली, आई प्रार्थनेला बसली, आणि मी विहिरीवरची घागर आणायला बागेत गेले. मास्तर पपनसाच्या झाडाखाली पाटावर बसले होते. मांडीवर अतिपिकलेलं, मधोमध फोडलेलं फळ. ते इतके स्तब्ध होते की आधी मला झाडाचा बुंधाच दिसला, माणूस नंतर दिसला. त्यांनी मला बोटाने थांबवलं.

“हलू नकोस,” ते म्हणाले. ओठ हलले नाहीत असं मला वाटलं. “त्यांना माणूस कळत नाही. वास कळतो.”

मग मी पाहिलं की त्यांच्या बाहीवर वाळकी पानं चिकटली आहेत. आणि त्यातलं एक पान चालू लागलं. मनगटावरून ते मांडीवरच्या फळावर उतरलं, पंख किंचित उघडले, आणि त्या मातकट पंखांखाली केशरी रंग होता, चुलीच्या पोटात दिसतो तसा. आणखी एक त्यांच्या गळपट्टीवर बसलं. एक दाढीवर. अंधार पूर्ण पडला नव्हता, पण ओसरीवर बाबांनी कंदील लावला तेव्हा त्याचा उजेड झाडांतून आमच्यापर्यंत आला आणि त्या सगळ्या पानांना एकदम डोळे फुटले. लाल, स्थिर. मास्तरांच्या अंगावर, माझ्या डोक्यावरच्या फांदीवर, विहिरीच्या काठावर.

“ऐकू येतं?” मास्तरांनी विचारलं.

मला काही ऐकू येत नव्हतं. मी हो म्हटलं. त्यानंतर खरंच ऐकू आलं, की ऐकू आल्यासारखं वाटलं, हे मी आजही सांगू शकत नाही. कोऱ्या कागदावर कोणी अगदी हळू नख ओढावं, तसं. पिकलेल्या सालीत सोंड शिरण्याचा तो आवाज आहे, असं मास्तर म्हणाले. मी घागर तिथेच ठेवून घरी आले. कोणाला काही सांगितलं नाही.

त्यांच्या खोलीत मी एकदाच गेले. धड्याची वेळ टळून गेली होती म्हणून बोलवायला गेले. दार लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि मानेला काहीतरी लागलं, मग गालाला, मग कपाळाला. थंड, दोऱ्यासारखं. वर पाहिलं तर आढ्याला गुळवेलीचे तुकडे टांगलेले होते. गुळवेल आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ती कापून खुंटीला टांगली तरी मरत नाही. हे तुकडे किती दिवस तसेच लोंबत होते कोण जाणे. माती नाही, पाणी नाही, आणि तरी प्रत्येकातून लांब लांब मुळं खाली सुटली होती. वारा नसताना ती हलत होती. काही जमिनीला टेकली होती आणि मातीत शिरण्यासाठी टोकं वाकडी करून चाचपत होती. मला वाटलं, मी थोडा वेळ उभी राहिले तर ती माझ्यातही शिरतील.

मास्तर खिडकीजवळ वेलींचं एकेक पान तपासत होते. त्यांनी एका वेलीचं पान उलटून दाखवलं. पानाखाली काळी मखमली अळी होती, शरीर कमानीसारखं वाकवून बसलेली, आणि तिच्या अंगावर दोन डोळे होते. ते खरे डोळे नाहीत, नुसते रंगाचे ठिपके आहेत, असं त्यांनी सांगितलं. पण मी उजवीकडे सरकले तरी ते माझ्याकडेच बघत होते.

“ही मोसंबीला तोंड लावत नाही,” मास्तर म्हणाले. “तिला फक्त ही वेल लागते. पंख फुटल्यावर मात्र तिला गोड हवं असतं. तुमच्या विहिरीजवळची वेल कोणी आणली?”

मी म्हटलं, तापाला आणली.

“कोणी?”

“बघायला येतात ते आणतात.”

“बघायला येतात ते,” मास्तर म्हणाले आणि थांबले. गणित अर्ध्यावर सोडून मास्तर पोराकडे बघतात, तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

हे इथे समजावून सांगायला हवं. आमच्याकडे तापाच्या माणसाला बघायला कोणी रिकाम्या हातांनी जात नाही. आपल्या कुंपणावरच्या गुळवेलीचा हातभर तुकडा पानांसकट कापायचा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायचा. पानं खुडून नेली तर माणूस कद्रू ठरतो. घरातले तिचा काढा करतात, पण एक पेर राखून ठेवतात आणि बागेत लावतात, बहुतेक फळझाडाच्या बुंध्याशीच, कारण तिथे पाणी असतं. बघायला आलेल्याची वेल आपल्याकडे रुजली म्हणजे ताप परत फिरत नाही, अशी समजूत आहे. निघताना पाहुण्यालाही घरच्या वेलीचं एक पेर परत देतात. आणि लग्न ठरलेल्या मुलीने तर आपल्या हाताने ती होणाऱ्या सासूच्या ओटीत घालायची. वेल न देणं म्हणजे तुमच्या घरात माणसं आजारी पडोत असं म्हणणं.

म्हणून मास्तर पाखरांच्या मागे कधी धावत नसत. ते माणसांचं येणं-जाणं विचारत. कोणाला ताप, कोण भेटायला गेलं, कोणाची मुलगी कुठे दिली. माया जिकडे जाते तिकडे वेल जाते आणि वेलीच्या पानाखाली अळी होऊन बसलेले पतंग जातात. रानात गुळवेल आहेच, पण रानातलं पाखरू रानात भागवतं. आम्ही तिला उचलून बागेच्या पोटात नेऊन लावत होतो.

मी त्या खोलीत उभी राहून हे सगळं मनात जुळवलं, आणि मग माझ्या स्वभावाला न शोभेल असं पटकन विचारलं की हे तुम्ही लोकांना का सांगत नाही? मास्तरांनी भुवईवरच्या व्रणाला हात लावला. एका गावात सांगितलं होतं, म्हणाले. वेल तोडा म्हटल्यावर लोकांना वाटलं की हा आमच्या पोरांचं औषध तोडायला आलाय. ज्या बाईने दगड मारला तिचा मुलगा त्याच आठवड्यात गुळवेलीच्या काढ्याने उठून बसला होता.

“तिचं चुकलं असं मी म्हणत नाही,” ते म्हणाले.

थोड्या वेळाने, मी निघाले तेव्हा, त्यांनी मागून आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांची बायको एकदा तापाने पार खंगली होती. माहेरी तिला नेलं तेव्हा मास्तरांनी वाटेत ही वेल कापून बरोबर घेतली आणि सासऱ्यांच्या बागेत लावली. तीन हंगामांत ती बाग बसली. तेव्हा त्यांना कारण कळलं नव्हतं. पण वेल कोणी आणली हे सासऱ्यांना कळायला वेळ लागला नाही. मी विचारलं, बाई वाचल्या? “वाचली,” मास्तर म्हणाले. “पण तिला मग माहेर उरलं नाही.”

आता कातरीन मावशीच्या त्या बोलण्याकडे येते. बाबा तापातून नुकतेच उठले होते. त्यांना बघायला गावाबाहेरून, ठाण्याहून, माणसं आली होती आणि आईने येईल ती वेल विहिरीकाठी लावली होती. मास्तर पायरीशी येऊन नेहमीचा प्रश्न विचारून गेले. मी आईला अडवलं नाही. काय म्हणून अडवणार? त्या काढ्यावरच बाबा उठले असं ती सगळ्यांना सांगत होती, आणि सांगताना तिचे डोळे भरत.

मग आमची बाग लागली. सकाळी दार उघडलं की जमीन पिवळी दिसे आणि आंबलेल्या वासाने डोकं चढे. भायखळ्याच्या बाजारासाठी विणलेल्या टोपल्या ओसरीवर रिकाम्या रचलेल्या होत्या. बाबा झाडाझाडाखाली फिरून फळं दाबून बघत, आणि प्रत्येक फळातून ती बारीक चिळकांडी उडे. ते मास्तरांच्या खोलीकडे बघत आणि पुढच्या झाडाखाली जात.

त्याच दिवसांत माझं लग्न कल्याणला ठरत होतं. खाडीकाठी त्यांची मोठी बाग, मुलगा रेल्वेत कारकून, घरात विधवा आई आणि एक धाकटा भाऊ. घर त्या बागेवर चालत होतं. एके दुपारी मास्तर मला शुद्धलेखन घालत होते. नेहमी ते पुस्तकातली वाक्यं घालत. त्या दिवशी पुस्तक मिटलेलं होतं आणि ते ओसरीवरच्या बियांकडे बघत सावकाश सांगत होते.

“लिही. कल्याणची बाग अजून धड आहे. पूर्णविराम. मुलगी कल्याणला जाईल. पूर्णविराम. मुलीबरोबर पतंग जातील.”

मी लिहिलं. शेवटचा शब्द लिहून झाल्यावर मी काय लिहिलं ते मला कळलं आणि मी पेन्सिल खाली ठेवली. मास्तर मला भीती घालत नव्हते. ते मला विचारत होते, तू वेल नेशील का. पण मागे उंबऱ्यात कातरीन मावशी सूप घेऊन उभी होती, आणि तिने ऐकलं ते एवढंच की मास्तराने पोरीवर पाखरं सोडली.

ही बातमी कल्याणला आमच्या आधी पोचली. पुढच्या रविवारी मुलाची आई स्वतः आली, मुलाला घेऊन. अंगाने भरलेली, स्पष्ट बोलणारी बाई. ओसरीवर बसल्या बसल्या तिने आमच्या बागेकडे नजर टाकली आणि छातीवर क्रूस काढला. मग तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. मुलगी तिला पसंत होती. आमच्या घराबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं. पण तिच्याजवळ त्या बागेखेरीज काही नाही, आणि या माणसाची नजर जिथून फिरते तिथे ती सून आणणार नाही. “त्याला आज घालवा,” ती म्हणाली, “मंग येत्या आयतवारी लग्नाची चिठ्ठी वाचू चर्चन्. पोरीचा काय दोस हाय?”

बाबा लगेच उठले. मला वाटतं, ते कितीतरी दिवस कोणीतरी असं म्हणण्याची वाट बघत होते. ते बागेच्या टोकाला गेले आणि मास्तरांना घेऊनच परतले. मास्तरांनी बोचकं आधीच बांधलेलं असावं. ते पायरीखाली उन्हात उभे राहिले, गळ्याला पट्टी, काखेत बोचकं. शेजारची माणसं कुंपणाशी जमली. कोणी ओरडलं नाही, कोणी दगड उचलला नाही. सगळे फक्त त्यांच्याकडे बघत होते, आणि मास्तर कोणाकडेच बघत नव्हते.

आईला हे मुळीच आवडलं नव्हतं. पाहुण्यांसमोर कोणाला असं घालवणं तिला अशुभ वाटत होतं. विषय बदलावा म्हणून तिने मुलाच्या आईला धाकट्याचं विचारलं. तो का नाही आला?

“तापानं परलाय,” ती म्हणाली. इतका वेळ खणखणीत असलेला तिचा आवाज तिथे खाली आला. “दोन येला उतरला, परत भरला.”

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली, व्रण पांढरा झाला, तोंड उघडलं. आता ते विचारतील असं मला वाटलं. पण त्यांनी काही विचारलं नाही. तोंड मिटलं आणि ते पुन्हा जमिनीकडे बघू लागले. एवढा गप्प माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि मी स्वतः जन्मभर गप्प बसलेली मुलगी आहे.

आई कधीच विहिरीकडे गेली होती. ती परत आली तेव्हा तिच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली वेल होती. चांगली दोन हात लांब, पानांनी भरलेली, तिने सगळ्यात ताजी निवडली होती. तिचं तोंड उजळलं होतं. “तुझ्या हातानं दे, बाय,” ती मला म्हणाली. “पोराला उतार परेल आनि तुमचा पन जुलेल.” मुलाच्या आईने लुगड्याचा पदर पसरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला खरंच ती वेल हवी होती.

मी वेल हातात घेतली. फडकं गार होतं. वरचं एक पान थोडं वळलं होतं, त्याच्याखाली काहीतरी कमान करून बसलं होतं, आणि पान उलटून बघायची मला गरज नव्हती. ओसरीवर सगळे माझ्या हाताकडे बघत होते. आई, बाबा, मावशी, तो रेल्वेतला मुलगा, ज्याच्याशी मी तोवर एक शब्द बोलले नव्हते. शाळेत शिकलेली इंग्रजी मला आठवेना. मास्तरांनी शिकवलेली मराठीही आठवेना. जे तोंडातून आलं ते आमच्या घरचं बोलणं होतं, मी ज्यात लहानपणी बोलायला लागले ते.

“ही येल मी तुमाला देनार नाय,” मी म्हटलं. “पाखरं मास्तरानं नाय आनली. आमीच आनली, हिच्या पानान् गुंडालून, एकमेकांना बघायला जाऊन. तापाचा औषद कोयनेल ठान्याच्या दवाखान्यान् मिलतो, तो बाबा आनतील. आनि तुमच्या पोराला मी बघायला येते. आजच येते. पन रिकाम्या हातानं येते.”